सोमवारी चालणारी रिअॅक्शन

आपा गेल्यावर चार महिन्यांनी सरांनी तिचं टेबल मला दिलं आणि मी ते घेतलं नाही. "मला खिडकीजवळची जागा बरी पडते," असं काहीतरी ठोकून दिलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारी बाई 'मला तिथं भीती वाटते' म्हणाली असती, तर सरांनी तिला त्याच दिवशी अकोल्याच्या गाडीत बसवून घरी पाठवलं असतं.

आपा म्हणजे माझी सिनिअर. अचलपूरची. वडलांचं तिथं गाद्या-रजया भरायचं दुकान, आणि त्या घरातून ही पोरगी अमरावतीला येऊन पीएच.डी. करत होती. सगळं डिपार्टमेंट तिला आपा म्हणायचं, सरसुद्धा. एका शनिवारी अंगात ताप असतानाच ती गावच्या एसटीत बसली. आठव्या दिवशी तिकडून निरोप आला. ताप डोक्यात गेला होता. मी तेव्हा नुकतीच रुजू झाले होते, तिच्यासोबत मोजून दोन महिने काम केलं असेल. तेवढ्यात तिनं मला पिपेट धरण्यापासून सरांना गप्प करण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. ती गेली ह्याचा मला दुःखाआधी राग आला. अशी कशी गेली, काही सांगणं नाही, पुसणं नाही!

तिचं काम थोडक्यात सांगते, घाबरू नका. जाळणं सोपं असतं. रॉकेलला काडी लावली की ते शेवटपर्यंत जळतं, मधे थांबत नाही. आमच्या धंद्यात कौशल्य थांबवण्यात असतं. पेट्रोलच्या जातकुळीतलं एक बिनरंगी पातळ द्रव घ्यायचं, त्याच्या रेणूच्या एकाच ठरलेल्या जागी ऑक्सिजन बसवायचा आणि तिथंच हात आखडायचा. त्यातून मोगऱ्याच्या जवळ जाणारा, गोडसर वासाचा पदार्थ मिळतो, सुगंधी मालात वापरतात तो. हे करायला उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून देऊन स्वतः नामानिराळा राहणारा मध्यस्थ. बहुतेक लोक त्यासाठी कोबाल्ट नाहीतर मँगनीज असे धातू वापरतात, आणि मग तो धातू मालात उतरतो, गटारात जातो. आपानं धातूला फाटाच दिला होता. तिचा उत्प्रेरक म्हणजे एक साधी पांढरी सेंद्रिय भुकटी. धातूचा कणही नाही, तरी रिअॅक्शन व्हायची. हेच तिचं म्हणणं, हाच तिचा पेपर.

पेपर गेला होता, परीक्षकाचं उत्तर मात्र ती गेल्यावर आलं. काम चांगलं आहे, पण धातूचा अंश खरंच नाही ह्याची खात्री द्या, नव्या काचेत प्रयोग पुन्हा करून दाखवा. सर म्हणाले, "तीन वेळा करून दे. आकडे जुळले की पाठवतो. पहिलं नाव तिचंच राहील." माझा स्वतःचा प्रबंधही त्याच कामाच्या पुढचा होता, म्हणजे दोघींचं गाडं एकाच चाकावर.

आणि तिसरा एक माणूस होता. आपाचे वडील. मातीच्या दिवशी मी अचलपूरला गेले होते तेव्हा चाचांनी माझा नंबर घेतला. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी, नमाज झाली की त्यांचा फोन. "बेटा, छपा क्या?" दुसरं काही नाही. मी पहिल्याच फोनला भरात येऊन बोलून बसले, "चाचा, दोन महिन्यांत येतं. आपाचं नाव सगळ्यात पहिलं." जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. एकदा त्यांनी असंही विचारलं होतं, "वहाँ उसको कोई तकलीफ तो नहीं थी ना? किसी ने कुछ किया तो नहीं?" मी म्हटलं, छे हो चाचा, सगळ्यांची लाडकी होती. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

मी कामाला लागले. खाली तेलाच्या पातेल्यात तापणारा फ्लास्क, त्यावर वाफ थंड करून परत खाली पाठवणारी काचेची उभी नळी, तिला आम्ही कंडेन्सर म्हणतो, आणि नळीच्या डोक्यावर ऑक्सिजन भरलेला फुगा. साधा, जत्रेतला फुगा. रिअॅक्शन चालू झाली की ती ऑक्सिजन खाते आणि फुगा हळूहळू बारीक होतो. आपाच्या वहीत प्रत्येक जमलेल्या प्रयोगापुढं लिहिलेलं, 'फुगा चार तासांत अर्धा'. माझा फुगा दहा वाजता जेवढा, तेवढाच चार वाजता. गुबगुबीत. दुसऱ्या दिवशीही. महिना गेला, दुसरा गेला. पांढरी भुकटी बदलली, द्रव बदललं, ॲसिटिक ॲसिडची नवी बाटली फोडली. फुगा ढिम्म.

मी पाण्याला दोष दिला. आम्ही अकोल्याकडचे, खारपाणपट्ट्यातले; पाण्याला शिव्या घालणं आमच्या रक्तात आहे. सर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. आपाचं इथल्याच पाण्यात होत होतं ना?" मला इतका संताप आला की मी जेवणाचा डबा न खाता खोलीवर परत नेला.

मग मे महिना आला. सुट्ट्या लागल्या, मुलं गावाला गेली. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत दुपारी मी आणि मामा असे दोघेच. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले परिचर, रिटायरमेंटला आलेले, कपाळाला कायम शेंदराचं बोट. मारुतीचे भक्त. ते बाहेर कूलरपाशी बसायचे, मी आत. अमरावतीची मे महिन्यातली दुपार कोणाला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं नसतं. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात, भर बाराची वेळ वाईट, सावली पायाखाली जाते तेव्हा एकट्यानं विहिरीवर जाऊ नये. मी हसायची त्याला.

एका सोमवारी माझा कंडेन्सर फुटला. माझ्याच हातून, नळावर आपटून. स्टोअरची किल्ली घेऊन गेलेले बाबू रजेवर. एकच कंडेन्सर जागेवर होता, आपाच्या टेबलावर, तिच्या स्टँडला लावलेला, स्वच्छ पुसलेला. मी त्याच्यासमोर पाच मिनिटं उभी राहिले. मग मनात म्हटलं, आपा, घेते गं, आणि तिच्याच टेबलावर मांडामांड केली.

बाराच्या सुमारास वही लिहिताना मान वर केली तर फुगा लहान झाला होता.

मी पेन खाली ठेवलं. आधी वाटलं गळतोय. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. फुगा सावकाश आत जात होता, जणू कोणी खालून बारीक श्वास घेऊन ओढत असावी. दोन वाजता अर्धा झाला. आणि मग तो वास आला. मोगऱ्यासारखा, जरा औषधी, गोड. आपाच्या ओढणीला यायचा तो.

मी आनंदानं ओरडायला हवं होतं. मी स्टूल दोन हात मागं ओढलं.

मंगळवारी पुन्हा केलं, झालं. बुधवारी झालं, पण हळू. गुरुवारी फुगा जेमतेम हलला, शुक्रवारी अजिबात नाही. तीच भुकटी, तेच माप, तेच तेल, तीच मी. पुढच्या सोमवारी पुन्हा सुसाट. गुरुवारी पुन्हा मेली. असं सलग तीन आठवडे. आपाची वही काढून पाहिली. तिचे सगळे उत्तम आकडे सोमवारचे आणि मंगळवारचे. शुक्रवारी तिनं प्रयोग लावणंच सोडून दिलं होतं. म्हणजे तिलाही हे ठाऊक होतं, आणि तिनं कुठं लिहिलं नव्हतं.

खिडकीजवळ, माझ्या टेबलावर दुसरी नवी काच लावून सोमवारीही पाहिलं. तिथं फुगा गुबगुबीत, आणि सहा हातांवर आपाच्या टेबलावरचा पोटात जाणारा. दोन्ही एकाच वेळी समोर दिसत होते. मी मामांना हाक मारली, "मामा, इकडं या. तुम्हाला काय दिसतंय?" ते दारातूनच बघून म्हणाले, "आपाचं चालून राह्यलं ना? चालन. ते तिचं हाय." आणि परत कूलरपाशी गेले. मायबाई! 'आहे' म्हणाले ते, 'होतं' नाही.

त्या दिवसापासून मी आपाशी बोलायला लागले. मोठ्यानं नाही. फ्लास्क लावताना 'आपा, लावते', काढताना 'आपा, झालं'. घरी आईला सांगितलं असतं तर तिनं लिंबू उतरवलं असतं. आणि खरं सांगू का, भीतीपेक्षा मोठा एक विचार मनात घर करून बसला होता. सोमवारचे तीन आकडे माझ्याकडं होते. परीक्षकाला तीनच हवे होते. पाठवून दिले तर पेपर छापून येतो, शुक्रवारी चाचांना 'हो' म्हणता येतं, माझा प्रबंध सुटतो. काच नवी नव्हती एवढंच. ते कोण बघायला येणार होतं?

मी आकडे सरांना द्यायचं ठरवलं. म्हटलं, शेवटचा एक सोमवार करून टाकते.

त्या सोमवारी उन्हानं डोकं भणभणत होतं. मी फ्लास्क लावला, फुगा भरला, वही उघडली. बारा वाजता फुगा थोडा उतरला होता, नेहमीपेक्षा कमी पण उतरला होता. मी वजनकाट्याशी गेले तर काट्याशेजारी कागदाची घडी. उघडली. आत पांढरी भुकटी. मी उत्प्रेरक मोजला होता आणि फ्लास्कमध्ये टाकायला विसरले होते.

म्हणजे तिथं आत काहीच नव्हतं. द्रव, ॲसिड आणि वर ऑक्सिजन. तरीही कोणीतरी श्वास ओढत होतं.

मी बाहेर पळाले. हो, पळाले, लाज कसली. व्हरांड्यातल्या उन्हात उभी राहून दरदरून आलेला घाम पुसत होते. मामा उठून आले. "काय झालं वो बाई? पाणी पेता?" पाणी प्याले. मग मला माझाच राग आला. चिडले की माझी भीती पळते, हा एकच गुण देवानं दिलाय. मी आत गेले, तेलाचं पातेलं बंद केलं आणि सगळं निवल्यावर त्या कंडेन्सरला फ्लास्कमधून ओढून बाहेर काढलं. म्हटलं, कोण आहेस ते आज बघतेच.

कंडेन्सरचं खालचं टोक फ्लास्कच्या तोंडात घट्ट बसावं म्हणून खरखरीत घासलेलं असतं. मी पांढरा फिल्टर पेपर ओला करून त्या खरखरीत काचेवरून दाबून फिरवला. पेपर केशरी झाला. अगदी फिकट, नीट बघितल्याशिवाय न दिसणारा केशरी.

मी दारात आलेल्या मामांच्या कपाळाकडं आयुष्यात पहिल्यांदा केमिस्टच्या नजरेनं पाहिलं.

खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तो कोमट ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळला की शिशाचा असा एक क्षार बनतो जो आम्ही बाटलीत विकत घेतो, आणि तो त्या पांढऱ्या भुकटीला पहिला धक्का देतो. बंद पडलेली गाडी ढकलून चालू करतात तसा. एकदा चालू झाली की पुढं ती आपली आपण पळते. नुसता धक्काही थोडा वेळ काम करून जातो. मी पेपरावरचा डाग ॲसिडमध्ये उतरवला आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाकले. बी.एस्सी.च्या पोरी करतात तीच टेस्ट. पिवळाधमक साका खाली बसला. शिसं.

मग मात्र मी मामांवर जे तोंड सोडलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. "अक्कल आहे का तुम्हाला? काचेला शेंदूर लावायचा असतो का? देऊळ आहे का हे?" मामा उभेच राहिले. मग खाली बघत सांगायला लागले. आपाचे प्रयोग सुरुवातीला सहा महिने फसले होते. एक दिवस ती ह्याच टेबलावर डोकं ठेवून रडली. "मले नाइ पाहावलं. मी म्हटलं, आपण काय करू शकतो बापा? शनिवारी काच धुतल्यावर मारुतीचा शेंदूर तिच्या नळीच्या तोंडाले लावला. पण सर डाग पाह्यला की वरडते, म्हणून लगेच पुसला. सोमवारी तिचं झालं. हसत आली, मले पेढा देला. मग मी कायले सोडतो? दर शनिवारी लावला."

"आणि ती गेल्यावर?"

"तिच्या जाग्यावर दिवा लावू देतीन का सर?" मामा म्हणाले. "मंग तेवढंच करतो मी."

शनिवारी लावायचे, सोमवारी तो ताजा, गुरुवारपर्यंत ॲसिडच्या वाफेनं धुऊन संपलेला. एवढंच होतं ते. मी स्टुलावर बसले. कशाची भीती वाटत होती मला इतके दिवस? आणि ती भीती गेली म्हणून मला एकदम इतकं पोरकं का वाटावं? वर्षभरात जे आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. मामा घाबरले, त्यांना वाटलं त्यांच्यावरच रडतेय.

"आपाले ठाऊक झालं होतं," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या शनिवारी तिनं मले लावताना पाह्यलं. लय वेळ उभी राह्यली. मंग म्हणे, मामा, थोडा मले द्या ना. म्हटलं, तू काय करशीन शेंदराचं? तर हसली नुसती. ताप होता तिले. थोडा देला तिले. मंग एसटीले गेली."

चार दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारी चाचांचा फोन आला, मी उचलला नाही. असं मी आधी कधी केलं नव्हतं. फोन वाजून वाजून थांबला आणि मी त्याच्याकडं बघत बसले. गप्प बसणं किती सोपं होतं! एक ओला फडका फिरवला असता आणि सगळं मिटलं असतं. पण आपानं तो शेंदूर मागून घेतला होता. तिला कळलं होतं आणि ती तपासणार होती. मी लपवलं असतं तर तिच्याही वतीनं मीच खोटं बोलले असते.

सरांना सांगितलं. त्यांनी पिवळा साका बघितला, नव्या काचेत चिमूटभर शेंदूर टाकून केलेला प्रयोग बघितला, उतरलेला फुगा बघितला. म्हणाले, "एवढं कोणाला कळणार आहे?" मग त्यांनीच मान हलवली. "नाही. नाही. मागं घेतो पेपर." बिनधातूचं म्हणून पाठवलेलं काम धातूवर चालत होतं, त्यात दुरुस्तीला जागाच नव्हती. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "तिच्या वडलांना तूच सांग. मला तोंड नाही." सरांना तोंड नाही, मग मला कुठून आलं? पण शब्द मी दिला होता, त्यांनी नाही.

रविवारी सकाळची एसटी पकडली. परतवाड्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते आणि अचलपूर येईतो सगळी विसरले होते. चाचांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. कापसाचा ढीग, अर्धी भरलेली गादी, हवेत तरंगणारे तंतू. मला बघून ते उठले, आत नेलं, चाचींनी पडद्याआडून पाणी पाठवलं. ग्लास ओठाला लावायच्या आत मी बोलून टाकलं.

"चाचा, ते छापून येणार नाही."

ते माझ्यासमोर खाली बसले.

"आपाची चूक नव्हती. काचेला काहीतरी लागत होतं. आमचे मामा देवाचा शेंदूर लावायचे, तिच्या चांगल्यासाठी. त्यात शिसं असतं, त्यानं सगळं बिघडलं. तिला शेवटच्या दिवशी कळलं होतं. ती तपासणार होती. मी तुम्हाला उगाच शब्द दिला, मला माफ करा."

"शेंदूर?" चाचा म्हणाले. "सिंदूर?"

"हो."

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, आता हे मला हाकलून देणार. ते उठले. कपाटाच्या वरच्या फळीवरून, घड्या घातलेल्या चादरींच्या खालून, एक लहानशी पुडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"ये?"

लॅबमधला गुळगुळीत कागद होता. मी उघडला. आत केशरी शेंदूर.

"मिट्टी दिल्यावर तिची पर्स उघडली मी," चाचा अगदी हळू बोलत होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "त्यात हे. जवान पोरीच्या पर्समध्ये सिंदूर. मैं क्या समझता? वाटलं, तिकडं कोणाशी शादी करून बसली आणि आम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. नाहीतर कोणी करणी केली माझ्या पोरीवर, म्हणून अशी आठ दिवसांत गेली. कोणाला विचारू? तिच्या अम्मीला दाखवू? मोहल्ल्यात विचारू? दर जुम्म्याला तुला हेच विचारायला फोन करत होतो, बेटा. तू उचलला की हिंमत जायची. मग म्हणायचो, छपा क्या."

इतके शुक्रवार. मी त्यांना पेपरची तारीख सांगत होते आणि तो माणूस तिकडं पुडी घेऊन बसलेला.

मी कागद उलटला. कोपऱ्यात पेन्सिलीनं आपाच्या अक्षरात लिहिलं होतं, ०.५०१२, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

"चाचा, हे बघा," मी म्हटलं. "हे वजन आहे. अर्धा ग्रॅम आणि वर जरासं. पॉईंटनंतर चार आकडे. जगात कोणतीही बाई भांगात भरायचा शेंदूर असा मोजत नाही. करणी करणारा तर नाहीच नाही. असं फक्त आमच्या लॅबमधल्या काट्यावर मोजतात. ताप असताना, गाडी चुकत असताना, तिनं हे आधी मोजलं आणि मग ती एसटीला गेली. हे तिचं काम होतं. प्रयोगाला आणला होता तिनं."

"कामाचं होतं?"

"कामाचंच होतं. दुसरं काहीसुद्धा नव्हतं."

"कसम?"

"आपाची शपथ."

चाचा खाली बसले. मग अचानक, मोठ्यानं, सबंध घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनती क्या? बाहर आओ."

चाची बाहेर आल्या. चाचांनी त्यांना पुडी दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, शादीचं, करणीचं, काट्याचं. त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. मला एवढंच विचारलं, "ये उसने ही लिखा ना?"

"हो चाची. आपाचाच पाच आहे. ती पाचाचं डोकं असंच सोडून द्यायची."

त्यांनी त्या पाचावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग पुडी तोंडाला, गालाला लावून रडायला लागल्या. वर्षभर मुलीबद्दल काय काय ऐकून घेतलं असेल, काय काय मनात आलं असेल, कोण जाणे. शेंदूर त्यांच्या ओढणीवर सांडला, गालाला लागला. चाचा अडवत नव्हते. मीही थोडा वेळ अडवलं नाही.

मग मी पुडी बंद केली आणि त्यांच्या हातात परत दिली. "ठेवा तुमच्यापाशी," मी म्हटलं, "पण शिसं असतं चाची, विष असतं ते. तोंडाला लावू नका." आणि त्यांना धरून मोरीवर नेलं. साबण लावून त्यांचे दोन्ही हात धुतले, मग गाल, मग पुन्हा हात, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत.